बोराटीचं छप्पर

त्या वर्षी अकोल्याच्या बाजारात रुपया खुळखुळत होता, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या, आणि आमच्या परसातल्या कोंबड्यांच्या डोक्यावर घालायला चार काटक्या मिळत नव्हत्या. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. माझी सून तर म्हणते, सासूबाई, काटक्या कधी कुणाच्या संपतात का. संपतात बाई. माणसांच्या डोक्यात एकच पीक शिरलं की बाकीचं सगळं संपतं, मी पाहिलंय. माझी नात इंदी हे लिहून घेते आहे. ती इथं अकोटला मुलींच्या शाळेत जाते आणि मी 'मले' म्हटलं की 'मला' लिहिते, कारण शाळेतल्या बाई रागावतात. लिहू दे तिला तसं. पण माझ्या मायचं बोलणं, बाईमाणूस असून 'करतो' म्हणायची त्यासकट, तिनं होतं तसंच ठेवायचं, हे मी आधीच बजावून ठेवलंय. मायचं दुसरं काहीच माझ्यापाशी राहिलेलं नाही.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अंगाला. पुढं ओसरी, आत माजघर, त्याच्या मागं चूल, आणि चुलीच्या दारातून उतरलं की परस. परसाला तिन्ही बाजूंनी मातीची भिंत होती, चौथी बाजू घराची. वरून मात्र सगळं उघडं. घरात माणसं थोडी. बाबा, माय, बाबांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, मी, आणि माझा धाकटा भाऊ दौलत. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आली होती आणि बोलण्यावर जगत होती. पहाटे जात्यावर बसली की तिचं तोंड सुरू व्हायचं, ते दिवा मालवेपर्यंत. जात्याची घरघर, आत्याची बडबड आणि अमरावतीच्या वाटेला लागलेल्या कापसाच्या गाड्यांची करकर, एवढं ऐकत मी वाढले. दौलत झाला त्याच सालात कापसाला पहिला मोठा भाव आला, म्हणून बाबांनी कौतुकानं त्याचं नाव तसं ठेवलं. माय त्याला दौल्या म्हणायची.

तेजी कशानं आली ते आम्हाला कुठं ठाऊक. सातासमुद्रापलीकडं गोऱ्या लोकांची आपसात लढाई लागली होती म्हणे, आणि तिकडचा कापूस बंद पडला होता. बाबांना तेवढं पुरे झालं. त्यांनी आधी जवारीच्या वावरात कपाशी घातली. मग कपाशीतल्या तुरीच्या ओळी काढून टाकल्या. मग मायचा विहिरीजवळचा भाजीचा तुकडा होता, वांगी आणि मेथीचा, त्यातही सरकी टोचली. जवारी नाही म्हणून कडबा नाही. तूर नाही म्हणून तुराट्या नाहीत. आणि दरवर्षी फाल्गुनात उपटून घरी यायच्या त्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, त्याही वावरातच उभ्या. वेचणी संपली तरी झाड उपटायचं नाही, पुढं फुटतील त्या चार बोंडांसाठी ठेवायचं, याला आमच्याकडं फरदड म्हणतात. त्या वर्षी अख्ख्या वऱ्हाडानं फरदड ठेवली होती. चुलीत काय घालायचं हा घरोघरच्या बायांचा प्रश्न होता, आणि ओसरीवर बसून पुरुष मंडळी विलायतेच्या गोष्टी करत होती.

माजघरात आढ्याला टेकेल एवढा कापूस. आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो. सरकी पाठीला टोचायची, नाकात तंतू जायचे, भाकर मोडली तर भाकरीतून कापसाचा धागा निघायचा. आत्या सगळ्यांदेखत तो धागा ओढून काढायची आणि म्हणायची, "घ्या, सोनं खा." बाबा हसायचे. ते गाड्या घेऊन अमरावतीला गेले की येताना काय काय आणायचे. एकदा काचेची हंडी आणली, जी टांगायला आमच्याकडं जागाच नव्हती. एकदा खारका आणल्या. जवारी मात्र कधी आणली नाही, कारण जवारी तिथंही मिळत नव्हती. आम्ही खारका खाल्ल्या आणि वर अंबाडीची भाजी बिनभाकरीची खाल्ली. आज हे आठवलं की मला हसू येत नाही, रागच येतो. माझे बाबा वाईट माणूस नव्हते. पण भरल्या घरात उपाशी ठेवणारा माणूस मी त्यांच्यानंतर दुसरा पाहिला नाही.

आता कोंबड्यांकडं येते. दौलत पाळण्यात होता तेव्हा गावात पटकी आली. गाड्यांबरोबर, रेल्वेच्या कामावरच्या लोकांबरोबर, कुठून तरी आली. आमच्या गल्लीतली माणसं गेली, आणि दौलतलाही जुलाब लागले. त्याचे डोळे खोल गेले, रडण्याचा आवाज बंद झाला. माय त्याला तसाच उचलून नदीकाठच्या मरीमायच्या ओट्यावर घेऊन गेली. मी तिच्या लुगड्याला धरून होते. तिनं लेकरू ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "माय, हे ठेव मले. माह्या घरच्या अंड्यातला, माह्या घरच्या परसात वाढलेला, बिनखोट कोंबडा तुले आखाडीले देईन." दौलत वाचला. पण वाचला म्हणजे काय, अंग कधी धरलं नाही त्यानं. पाय काड्यांसारखे, पोट पुढं, जरा ऊन लागलं की ताप. माय म्हणायची, देवीनं अर्धाच सोडलाय, नवस फिटला की पुरता सोडेल.

आणि नवस फिटत नव्हता. आखाडी आषाढात असते. कोंबडा द्यायचा तर तो माघात अंड्यातून निघायला हवा, म्हणजे आखाडीपर्यंत बांग देण्याजोगा होतो. विकतचा चालत नाही, कारण बोलताना माय घरच्या अंड्यातला असं बोलली होती. पहिल्या वर्षी सगळ्या तलंगाच निघाल्या, कोंबडा एकही नाही. दुसऱ्या वर्षी कोंबडे निघाले, पण घारीनं नेले. घारी पूर्वीही होत्या, पण रेल्वेच्या तंबूंमागं खाटीक आले, खाटकांमागं घारी आल्या, आणि आमच्या परसावर दिवसभर त्यांच्या सावल्या फिरायला लागल्या. आमच्याकडं मानायचे की मरीमाय दोन आखाड्या वाट पाहते, तिसरीला मागून घेते. आता तिसरी येत होती. माय हे कुणापाशी बोलली नाही, पण पोराच्या कपाळाला हात लावायची तिची खोड वाढली. चुलीवरून उठून यायची, हात लावायची, परत जायची.

त्या माघात काळी कोंबडी खुडूक बसली आणि तिनं पिल्लं काढली. एक तांबडं पिल्लू पहिल्या दिवसापासून ताठ मानेचं होतं. आत्यानं ते उचलून उलटंसुलटं पाहिलं आणि मायला म्हणाली, "हा नर हाये, सुभद्रे. लिहून घे माह्याकडून." मायनं त्याला पदरात घेतलं आणि रडली. मी म्हटलं, काहून रडतेस, तर म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. तेव्हा चूल पेटलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, पिल्लं डालग्याखाली का नाही झाकली. डालगं होतं. पण डालग्याखाली कोंडलेल्या पिल्लाला खायला टाकावं लागतं, आणि टाकायला कण्या कुठं होत्या. माणसांनाच जवारी नाही. पिल्लांनी परसात उकरून खावं, उधई, किडे, उकिरड्यातलं काय मिळेल ते, यावरच ती वाढणार होती. म्हणजे परसच वरून झाकायला हवं होतं. सगळं नाही, निदान उकिरड्याच्या बाजूचा कोपरा. बाबा गाड्या घेऊन गेलेले. माय आणि आत्या दिवसभर लोकांच्या वावरात वेचायला आणि उरलेल्या वेळात आपल्या. पोराला झोळीत बांधून माय वेचायची. परसात बसून राखण करायला घरात कुणीच रिकामं नव्हतं.

आधी मायनं आपलं जुनं लुगडं ताणून बांधलं. जुनं म्हणजे तिच्याकडच्या दोनातलं एक. कापडाचे भाव ऐकून चक्कर यायची. घरात कापसाचा डोंगर आणि बायांच्या अंगावर ठिगळं, अशी ती वर्षं होती. फाल्गुनातल्या वाऱ्यानं ते लुगडं पहिल्याच दुपारी उभं फाडलं. मग आत्यानं चिंध्यांच्या दोऱ्या आडव्या-उभ्या बांधल्या, फडफडल्या की घार भिते म्हणून. घार दोऱ्यांमधून आली, पांढरं पिल्लू उचललं आणि दोऱ्यांमधूनच गेली. आत्या तिच्यामागं धावत भिंतीपर्यंत शिव्या देत गेली. माय तिच्यामागं गेली नाही. तिनं आधी तांबडं पिल्लू शोधलं, ते आईच्या पंखाखाली होतं, मग खाली बसली. मायनं अकोटच्या बाजारात बांबू पाहायलाही माणूस पाठवला. मेळघाटातला सगळा बांबू रेल्वेच्या ठेकेदारांनी आधीच उचललेला होता. एका भोयाकडं जुनं जाळं मागितलं. तो म्हणाला, "बाई, जाळं फाटलं त मीच शिवतो, तुले काय देऊ."

शेवटी बाबा आले. अमरावतीला भाव आणखी चढला होता, त्यामुळं खुशीत होते. मायनं चुलीपाशी त्यांच्या ताटात वाढता वाढता विषय काढला.

"फरदडीतल्या दोन ओळी उपटू द्या मले. परसावर घालतो," माय म्हणाली.

"वेडी झाली का तू? एकेका बोंडाले आज काय किंमत हाये, तुले ठाऊक हाये का?"

"कोंबडा राह्यला पायजे यंदा."

"राहीन ना. मी नाई कुठं म्हनून राहिलो? बांधावर बोरी हायेत, बोराटी तोडून आनतो. त्याले कोनी भाव देत नाई. घारीच्या पायात रुतली म्हंजे पुन्हा येत नाई ती."

मला अजून आठवतं, मायच्या चेहऱ्यावरचं ओझं त्या क्षणी उतरलं. बोराटी म्हणजे बोरीच्या काट्यांच्या फांद्या, आमच्याकडं कुंपणाला घालतात. फुकटची आणि घारीला आवरणारी. तिथं कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही, मला नाही, मायला नाही, आत्यालाही नाही. बाबांनी कोपऱ्यात चार मेढी रोवल्या, वर मोडक्या वखराचा दांडा आणि गाडीची जुनी लाकडं आडवी टाकली. बांधायला दोर नव्हता, सगळा दोर कापसाच्या गाठी बांधण्यात जात होता. मायनं बांधावरची अंबाडी नदीच्या डबक्यात कुजत घातली, तिचा वाख सोलला आणि मांडीवर वळून दोऱ्या केल्या. मांडी सोलून निघाली तिची. मग बाबांनी हिरवी बोराटी दोन थर रचली. छप्पर एवढं ठेंगणं झालं की मोठ्या माणसाला आत उभं राहता येईना. मी वाकून जायचे, दौलत सरळ चालत जायचा. त्याला फार आवडलं ते. तो म्हणायचा, हे माह्यं घर हाये. काट्यांमधून ऊन गाळून त्याच्या अंगावर पडायचं आणि तो तिथं तांबड्याशी बोलत बसायचा. कोंबडा कशासाठी आहे ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घारी खरंच आल्या नाहीत. एक उतरली, काट्यांवर पंख आपटले, ओरडत गेली. आत्यानं त्या दिवशी कुठूनशी मूठभर जवारी काढून भाकर केली, झुणका केला, आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो. त्या सगळ्या वर्षांत मला सुखाचं म्हणून आठवतं ते तेवढं एक जेवण. चैत्र गेला. तांबडा वाढला, तुरा वर आला, शेपटीत हिरवी चमक आली. बाकीच्यांतला एक लहान नर मानमोडीनं मेला, उरल्या त्या तलंगा. पण तांबडा होता. वैशाखात त्यानं पहिली बांग दिली, घसा बसल्यासारखी, आणि माय हातातलं काम टाकून ऐकत राहिली.

त्याच सुमारास आत्या म्हणाली, "सुभद्रे, तो मोठा झाला. घार काई आता त्याले नेत नाई. काढ ते काटे, वाळून राहिले ते."

"अन् नेला त?" माय म्हणाली.

"अवं, घारीएवढा तोच झाला."

"बाई, अन् नेला त मी काय करू? सांगा मले. काय करू मी मंग?"

काटे राहिले. वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. हिरवी बोराटी घट्ट असते. वाळली की तडतडते, वाऱ्यानं मोडते, आणि तिच्या काड्या काट्यांसकट खाली पडतात. आम्ही झाडायचो. रोज झाडायचो, सकाळी मी आणि संध्याकाळी माय. पण कोंबड्या दिवसभर धूळ उकरतात, धुळीत लोळतात, आणि काटा एकदा धुळीत गेला की खराट्याला लागत नाही. ज्येष्ठात एका सकाळी तांबडा एक पाय उचलून उभा होता. मी मायला हाक मारली. ती आली, त्याला धरलं, पाय उलटा केला. तळव्यात काटा मोडून आत राहिला होता आणि वरून कातडं धरलं होतं. तिनं सुई लाल करून काटा काढला, हळद-तेल लावलं, चिंधी बांधली. कोंबड्यानं चोचीनं चिंधी सोडली. पुन्हा बांधली. बिब्ब्याचा चटका दिला. सूज उतरली, पण तळव्यात कुरूप झालं, बोराएवढं टणक, आणि तो लंगडायला लागला. छप्पर आत्यानं काटा सापडला त्याच दिवशी ओढून खाली काढलं आणि चुलीत घातलं. बोराटी चांगली जळते. दिवसभर बोलणारी माझी आत्या, पण 'मी सांगितलं होतं ना' असं ती त्या दिवशी बोलली नाही आणि मरेपर्यंत कधी बोलली नाही. तिला मी चांगली म्हणते ते एवढ्यासाठी.

आखाडीच्या दिवशी मायनं तांबड्याला आंघोळ घातली, तुऱ्याला तेल लावलं आणि पायाला हळदीचा जाड लेप दिला. बाबाही बरोबर आले, पेरणी सोडून. दौलत मायच्या कडेवर होता. ओट्याजवळ चिखल झालेला, लोकांची गर्दी, हलगी वाजत होती. देवीचं सगळं करणारा म्हादबा भगत म्हणून एक म्हातारा होता, त्याच्यापुढं प्रत्येकानं आपलं जनावर न्यायचं. त्यानं तांबडा हातात घेतला, डोळे पाहिले, पंख पसरून पाहिले, चोच उघडून पाहिली. मग खाली सोडला. तांबडा दोन पावलं चालला आणि पाय उचलून उभा राहिला. म्हादबानं वाकून हळद पुसली.

"खोट हाये, बाई," तो म्हणाला. आवाज हळू होता त्याचा, त्याला काही आनंद नव्हता त्यात. "हा नाई चालत."

"काटा रुतला होता, बावा. जनमाचा नाई लंगडा. बरा होऊन राहिला तो."

"तू काय बोलली होती मरीमायम्होरं?"

बाबा पुढं आले. मला त्यांची दयाही आली आणि लाजही वाटली. ते म्हणाले, "चांदीचा करून देतो. भरीव. असा कोंबडा या ओट्यावर कोनी वाह्यला नसन." बाजूच्या लोकांनी मान वळवून पाहिलं. कापसानं बाबांना शिकवलं होतं की सगळं विकत मिळतं, आणि तोवर त्यांना ते खोटं वाटलं नव्हतं.

"पाटील, बोल कोंबड्याचा हाये," म्हादबा म्हणाला. "चांदी तिनं मांगितली नाई." मग मायकडं वळून म्हणाला, "घेऊन जाय बाई घरी. मी इनंती करून पाहीन तिच्यापाशी." आणि मागच्या माणसाचा बोकड त्यानं पुढं घेतला.

आम्ही परत आलो. माय वाटभर दौलतच्या कपाळावर हात ठेवून चालत होती, कोंबडा माझ्याकडं होता. घरी आल्यावर दौलतनं मला विचारलं, तांबड्याले देवीनं काहून नाई घेतलं. मी म्हटलं, तिला लंगडा नको होता. तो म्हणाला, बरं झालं. आणि त्याला घेऊन परसात गेला.

श्रावणात पटकी पुन्हा आली. इंदीच्या पुस्तकात लिहिलंय की पटकी पाण्यातून येते. येत असेल. सगळं गाव त्याच मोर्णेचं पाणी पीत होतं, ज्यांचे नवस फिटले होते ते आणि ज्यांचे नव्हते ते, आणि दोघांतलीही माणसं गेली. हे मी आज म्हणते. तेव्हा मायला कोण सांगणार होतं, आणि तिनं का ऐकलं असतं. दौलतला सकाळी जुलाब सुरू झाले आणि दुपारपर्यंत त्याचं अंग थंड पडत गेलं. तो पाणी मागत होता. पटकीत पाणी द्यायचं नाही, असं तेव्हा सगळे शहाणे सांगायचे, वैद्यही आणि म्हादबाही. म्हणून माय ओलं फडकं त्याच्या ओठांवर फिरवत होती आणि तो फडकं चोखत होता. "पानी," म्हणायचा. "माय, पानी." बाबा ओसरीवर डोकं धरून बसले होते. आत्या मला जवळ धरून होती. दिवेलागणीच्या आधीच त्याचं मागणं थांबलं. माय त्याला मांडीवर घेऊन तशीच बसली आणि म्हणाली, "मी देत होतो ना. मी कुठं नाई म्हटलं होतं."

तांबडा राहिला. रेल्वेच्या तंबूंवरून लोक कोंबड्या विकत घ्यायला दारोदार फिरायचे, बाबा एकदा त्यांना हाक मारायला उठले. माय म्हणाली, "त्याचं काय चुकलं?" आणि बाबा खाली बसले. पुढच्या माघात माझं लग्न झालं आणि मी अकोटला आले. सासरी कापूसच कापूस होता आणि मला कापसाची शिसारी आली होती, पण ते कुणाला सांगायचं. आखाडात रीतीप्रमाणं मला माहेरी आणलं. परसात पाऊल टाकलं तर मायला ओळखायला मला वेळ लागला. ती उन्हानं काळी ठिक्कर पडली होती, चेहऱ्याचं कातडं सोलून निघालं होतं. आत्यानं सांगितलं, काळीनं पुन्हा पिल्लं काढली होती, आणि माय माघापासून हातात काठी घेऊन परसात बसून होती. चैत्र-वैशाखाच्या दुपारीसुद्धा. ना लुगडं बांधलं, ना काटे घातले. वावरात जाणं तिनं सोडलं होतं. आता तिला वेळ होता. कडेवर घ्यायला कुणी नव्हतं.

कोंबडा काळा होता, ठेंगणा पण ठणठणीत. आखाडीला तिनं त्याला आंघोळ घातली आणि निघाली. मी मागं मागं गेले. वाटेत मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माय, काहून देऊन राहिली तू? दौल्या त नाई आता."

ती थांबली नाही. म्हणाली, "तो तिच्यापाशीच हाये. माह्याकडून काई गेलं नाई, त नीट ठेवीन का ती त्याले?"

म्हादबानं कोंबडा घेतला, डोळे पाहिले, पंख पाहिले, खाली सोडून चालवला. मग त्याच्या अंगावर पाणी शिंपडलं. पाणी पडल्यावर कोंबडा अंग झाडतो, झाडलं की देवीनं घेतला असं समजायचं. कधी कधी लोकांना ताटकळत उभं राहावं लागतं. हा लगेच शहारला. "घेतला मायनं," म्हादबा म्हणाला. हलगी वाजली. माय ओट्याला डोकं टेकून होती, आणि मागचे लोक सरक म्हणत होते तरी उठत नव्हती. मी तिला उठवायला वाकले तेव्हा ती हळू आवाजात बोलत होती, लेकराला कुणाच्या घरी ठेवून निघताना बोलावं तसं.

"त्याले तहान लागते वं माय," ती म्हणत होती. "पानी देजो."